राणीची उतरणी

हौसेला मोल नसतं म्हणतात. आमच्या वाशिमच्या क्लबाकडं पाहिलं की ते पटतं. यंदा फेब्रुवारीत त्यांनी ठरवलं, ऑपेरा कार्निव्हल करायचा. म्हणजे सगळ्यांनी परदेशी संगीत नाटकातल्या पात्रांसारखे कपडे करायचे, तोंडावर मुखवटे लावायचे आणि लॉनवर नाचायचं. दिवेलागणीपर्यंत मुखवटा काढायचा नाही, कोण कोण आहे ते ओळखायचं, आणि दिवे लागले की सगळ्यांनी एकदम तोंडं उघडी करायची. क्लबात डॉक्टर, वकील, कापडवाले आणि त्यांच्या बायका. गाव एवढंसं, रोज एकमेकांचं तोंड पाहून कंटाळलेली माणसं. त्यांना एकमेकांपासून तोंड लपवायची हौस का आली, हे मी समजू शकते.

मी इथं शाळेत मराठी शिकवते. क्लबाच्या सेक्रेटरीबाईंचा मुलगा माझ्या वर्गात आहे. त्या एका संध्याकाळी पेढे घेऊन घरी आल्या तेव्हाच मला कळलं की मुलाच्या मार्कांचं काम नाही, दुसरंच काहीतरी आहे.

"मॅडम, ऑपेरा म्हणजे तरी काय हो, आपलं संगीत नाटकच. गात गात भांडायचं, गात गात मरायचं," त्या म्हणाल्या. "तर आम्हाला आपल्या मातीतलंही काहीतरी हवंय. तुमचे बाबा पूर्वी नाटकात बायकांची कामं करायचे ना? त्यांनी राणीच्या वेशात यावं. दोन गाणी म्हणावीत. लाइव्ह."

बाबा आतल्या खोलीत होते. आई गेल्यापासून ते माझ्याकडेच राहतात. त्यांना कमी दिसतं, मोतीबिंदू पिकायची वाट पाहणं चाललंय, पण कान शाबूत आहेत. 'दोन गाणी' एवढं ऐकून ते भिंत धरत बाहेर आले आणि त्या बाईंना म्हणाले, "पेटीवाला कोन हाय?"

रिठदच्या बाजूला आमचं गाव. आमची भाजीपाल्याची शेती. मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर, वांगी, पहाटे तोडायचं आणि बाजारात न्यायचं. बाकीच्या वेळात बाबा राणी होते. गावात दंडार होती, म्हणजे गाण्यांचं नाटक, रात्रभर चालणारं. बायकांची कामं पुरुषच करत आणि बाबांच्या तोडीची राणी आसपासच्या गावांत नव्हती. लोक बैलगाड्या जोडून यायचे. बाबा डोईवर घागर घेऊन मांडवात चालत आले की म्हाताऱ्या बायका म्हणायच्या, "माय वो, हे तं हुबेहूब त्याच्या बायकोची चाल हाय."

हुबेहूबच होती. आईला अंगणात घागर घेऊन या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायला लावून बाबा ओट्यावर बसून पाहायचे. पदर कसा सावरते, मान कुठं वळवते, रागावली की कोणता हात कमरेवर जातो. अंगावर शालूही आईच्या लग्नाचाच. लग्नात एकदा नेसली ती, पुढं तो राणीचा झाला. नाटकाच्या वेळी आई घरी असायची. लहान लेकरं, म्हशी, पहाटेची तोडणी. आपलीच चाल मांडवात कशी दिसते हे तिनं कधी समोर बसून पाहिलं नाही.

दंडारीचे काही नियम होते आणि ते आमच्या माणसांनी देवाच्या नेमासारखे पाळले. सोंग घेतलं, म्हणजे वेश चढवला, की त्या माणसाला नावानं हाक मारायची नाही. त्यानं अन्नपाणी घ्यायचं नाही. आणि नाटक संपलं की वेश असाच ओढून काढायचा नाही. दिव्यासमोर बसायचं, मंडळातल्या दुसऱ्या कुणीतरी उतरणी म्हणायची, मग सोंग उतरवायचं. ज्याचं त्यानं म्हटलेलं चालत नाही. आमच्या गावात एकानं राक्षसाचं सोंग उतरणीशिवाय विहिरीवर धुतलं होतं. पुढं कितीतरी दिवस तो बायकोवर गुरगुरायचा. आई म्हणायची, तो आधीपासूनच तसा होता. पण लोकांनी दोष उतरणीला दिला.

राणीची उतरणी सगळ्यांना आवडायची. चाल साधी, जात्यावरच्या ओवीसारखी.

उतर वो राणी, उतर मोत्याच्या माडीवरून,
घरची चूल थंडी पडली वाट पाहू पाहून.

तालमी आमच्याच ओट्यावर होत. मी मेथीच्या जुड्या बांधत ऐकायची. मला सगळं पाठ होतं, सवाल, जवाब, राजाचा विलाप, सगळं. एकदा जुड्या बांधता बांधता मी उतरणी म्हणू लागले. भान राहिलं नाही, आवाज मोठा झाला. बाबा मागून आले आणि हातातली जुडी त्यांनी माझ्या तोंडावर मारली. मेथी डोळ्यांत गेली. म्हणाले, "गानारी पोरगी कोन करीन? बाईच्या जातीनं चारचौघात गाऊ नाही." आठवडाभर तोच माणूस नथ घालून, पदर घेऊन, चारचौघांत नव्हे, चार गावांत गात होता. मला तेव्हाच हसू यायला पाहिजे होतं. रडू आलं, आणि गाणं सुटलं ते सुटलंच.

आता सेक्रेटरीबाई गेल्या आणि बाबांनी तालीम सुरू केली. आवाज चिरला होता, वरचा सूर लागत नव्हता, पण जागा सगळ्या जिथल्या तिथं. रोज सकाळी इन्सुलिन घ्यायचं आणि गायला बसायचं. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी त्यांनी मिशी काढली. आमच्याकडं मिशी काढतात ती घरात कुणी मेलं तर. शेजारचे काका जिन्यात थांबून हळूच विचारायला लागले, कोण गेलं? बाबा म्हणाले, "कोनी गेलं नाही. मी येऊन राह्यलो." आई गेल्यापासून मी त्यांना इतकं खुशीत पाहिलं नव्हतं, हे कबूल करते. मला त्यांचा राग होता आणि त्यांचं गाणं व्हावं असंही वाटत होतं. दोन्ही एकाच पोटात राहतं, त्यात काही नवल नाही.

त्या दिवशी जेवून दुपारी त्यांनी आरशासमोर दिवा लावला आणि मला चेहरा रंगवायला बसवलं. त्यांना दिसत नव्हतं ना. कुंकवाची चिरी कुठं, गालावर तीळ कुठं, ते सांगत गेले, मी करत गेले. शालू नेसवला, गंगावन घातलं, वर पितळी मुकुट. तीळ लावून झाला आणि मी मागं सरून पाहिलं. आईच बसली होती. ते उठले आणि त्यानंतर मी त्यांना बाबा म्हटलं नाही. मलाही नेम मोडवला नाही.

लॉनवर फुग्यांची कमान, थंड वाफेचे पंखे, मोठ्या फ्लेक्सवर 'ऑपेरा कार्निव्हल – मास्करेड बॉल'. माणसं ऑनलाइन मागवलेले पिसांचे, टिकल्यांचे मुखवटे लावून फिरत होती. एक झगा जमिनीवरून लोळत होता आणि त्याच्या मागं त्या बाईचा नवरा झगा उचलत चालला होता, मुखवट्यातून त्याला पायाखालचं दिसत नव्हतं. सेक्रेटरीबाईंचा मुखवटा सोनेरी, काडीवर धरायचा. त्यांनी तो बाजूला केला आणि किंचाळायच्या बेतात म्हणाल्या, "बाई गं, किती गोड! बाबा, तुम्ही इथं कमानीखाली उभे राहा हं. सगळे एन्ट्रीला फोटो काढतील."

"गानं कवा?" राणीनं विचारलं.

"होणार, होणार. शेड्यूल जरा टाइट आहे."

राणी उभी राहिली. मला वाटलं अर्ध्या तासाचा प्रश्न आहे. तिथं खुर्ची होती, पण राणी मांडवात बसत नाही, राजा बसवेल तेव्हाच बसते, आणि या राज्यात राजा नव्हता. लोक येत गेले. जोडीजोडीनं, राणीला मध्ये घेऊन, फोन वर धरून. एकानं खांद्यावर हात टाकला. काळा डगला घातलेल्या एकानं गालाला चिमटा काढला आणि "काय माल आहे" असं मित्राला म्हणाला. त्याच्या आवाजावरून मी त्याला ओळखलं. माझे दात तोच पाहतो. बाबांनी पदर गालावरून पुढं ओढला आणि मान वळवली, आई अनोळखी माणसासमोर वळवायची तशी. लोक हसले. त्यांना तो विनोद वाटला.

मंचावर पेटी नव्हती, ढोलकी नव्हती. डबे होते, गाणी वाजवणारे. त्यातून कुठली तरी परदेशी बाई गात होती आणि क्लबातल्या दोघीतिघी तिच्या गाण्यावर नुसते ओठ हलवत होत्या. बाबा कान देऊन ऐकत राहिले.

"बाई जबर गाते," ते पुटपुटले. "कुठं उभी हाय?"

"इथं नाही ते. मशीनमधून आवाज येऊन राह्यला."

"म्हंजे गाते ते एक अन् टाळ्या दुसरीले?"

मी हो म्हटलं. त्यांनी मान हलवली, नापसंतीनं. त्या वेळी मला त्या मान हलवण्यात काही वावगं दिसलं नाही. दिसायला हवं होतं.

मी पाण्याची बाटली पुढं केली, त्यांनी हातानं सारली. दुपारच्या जेवणानंतर पोटात काही नव्हतं आणि इन्सुलिन अंगात होतं. मी दोनदा सेक्रेटरीबाईंना गाठलं. दुसऱ्या वेळी त्या म्हणाल्या, "मॅडम, खरं सांगू का, क्राउडचा मूड वेगळा आहे. जुनं गाणं आता घेतलं तर सगळा माहोल पडेल. पण फोटो इतके सुंदर आलेत!"

दिवे लागले. सगळ्यांनी आरडाओरडा करत मुखवटे काढले. अरे तुम्ही, अगं तू, मला वाटलंच होतं. जणू कुणी ओळखलं नव्हतं. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की कमानीखाली अजून एक तोंड रंगाखाली झाकलेलं आहे. घोळका तिकडं वळला. "काढा की बाबा! अनमास्क! अनमास्क!" राणी एक पाऊल मागं गेली. तिनं दोन्ही हात जोडले आणि स्पष्ट म्हटलं, "आधी गानं होऊ द्या. मंग कोनी उतरनी म्हना. मंगच उतरीन."

कुणाला काही कळलं नाही. कळून घ्यायची गरजही नव्हती, कारण तेवढ्यात मागून एका हातानं गंगावन ओढलं. मुकुट कलंडला. बाबांनी तो दोन्ही हातांनी डोक्यावर दाबून धरला आणि तसेच उभे राहिले, कुणी मारायला आलं की लेकरं उभी राहतात तसे. लोक टाळ्या वाजवत होते.

मी त्यांना धरून बाहेर काढलं. सेक्रेटरीबाई मागं आल्या, जेवण तरी करून जा म्हणाल्या. मी म्हटलं, "आमच्यात सोंग घेतलेला माणूस जेवत नाही. तुमच्यात जेवतो, ते दिसतंच आहे." त्यांना टोमणा कळला नसावा, त्यांनी पॅक करून देऊ का विचारलं.

घरी आलो. बाबांचा हात थरथरत होता, कपाळावर गार घाम. साखर उतरली होती. मी चहात दोन चमचे जास्त साखर घालून आणली.

"उतरनी झाल्याबिगर नाही," ते म्हणाले.

"अहो, गानं झालंच नाही तं उतरनी कायची? जीव जाईन तुमचा."

"सोंग तं घेतलं नं."

मंडळातला कुणी उरला नव्हता. एक झील धरणारे, म्हणजे मागून साथीला गाणारे होते, मुलाकडे पुण्याला. फोन लावला तर मुलगा म्हणाला, ते आता कुणाला ओळखत नाहीत. मी फोन ठेवला. बाबा भिंतीला टेकून बसले होते. रंग ओघळून मानेवर आला होता, तीळ पसरला होता.

"तुले येते काय?" त्यांनी विचारलं.

"मले कोनं शिकवलं?"

"येते का नाही ते सांग."

"येते."

त्यांनी खिडकीकडं तोंड वळवलं. मग म्हणाले, "खिडकी लाव आधी."

त्या वेळीसुद्धा. साखर उतरलेली, जीभ जड झालेली, आणि त्यांना काळजी होती समोरच्या इमारतीत आवाज जाईल याची. मी खिडकी लावली. भांडायला वेळ नव्हता. देवघरातला दिवा आणून समोर ठेवला आणि उतरणी म्हटली. इतक्या वर्षांचा गंजलेला गळा, पहिली ओळ घशातच अडकली. दुसऱ्या ओळीला आवाज मोकळा झाला आणि मग तो कुठून येतोय ते मला कळेना, इतका सरळ लागला. बाबांनी डोळे मिटले. मुकुट काढला, नथ काढली, गंगावन काढलं. शेवटच्या कडव्याला ते चहाकडं हात पुढं करून बसले होते. मी कप हातात दिला. त्यांनी तो घटाघट प्यायला.

थरथर थांबली. मी पोळी कुस्करून दिली. खाता खाता ते म्हणाले, "गळा चांगला हाय तुहा. तुह्या मायचा असाच होता."

मला वाटलं चुकून बोलले. "आई कवा गायली?"

"लगन झालं तवा गाये. जात्यावर, वावरात. मोठा गळा. म्या बंद केलं." भाजीत मीठ कमी आहे हे सांगावं तशा आवाजात. "राणीच्या सगळ्या चाली तिच्याच हायेत. मी इचारो, ते गुनगुने. उतरनी तं पुरी तिचीच. शब्दबी."

घरची चूल थंडी पडली वाट पाहू पाहून. जन्मभर मी ती ओळ ऐकली, पाठ केली, तिच्यासाठी मार खाल्ला, आणि चूल थंड पडल्याचं कोणत्या पुरुषाला कधी कळतं, एवढा साधा प्रश्न मला पडला नव्हता. गावात सगळे म्हणायचे, उतरणी बाबांनी बांधली. आईही ते ऐकायची. तिची चाल गेली, शालू गेला, हे मला माहीत होतं. गळाही गेला होता.

"मंग लोकायले सांगतलं काहून नाही?"

"काय सांगाव?" त्यांना खरंच आश्चर्य वाटलं. "सोंग तं माहं होतं."

त्यांनी हात धुतला आणि ते झोपायला गेले. मी शालू झटकला, घडी घातली. त्याला बाबांच्या घामाचा वास येत होता. आईचा कोणता वास उरला असता, इतकी वर्षं तो तिच्याकडं होताच कुठं.

दुसऱ्या दिवशी सेक्रेटरीबाईंचा मेसेज आला. फोटो अप्रतिम, एक पेपरवाल्यांना देतोय, खाली कलाकाराचं नाव काय लिहू? मी वर्गावर होते, मुलं निबंध लिहीत होती. मी आईचं नाव लिहून पाठवलं. नवऱ्याचं न लावता, माहेरचं. त्यांनी लगेच अंगठा पाठवला. राणीच्या वेशाखाली बाईचं नाव, त्यात त्यांना काही खटकायचं कारण नव्हतं.

फोटो छापून आला. जिन्यातल्या काकांनी पेपर आणून दिला. बाबांच्या मिशीचे खुंट वर आले होते, ते खिडकीजवळ खुर्चीत बसले होते. पेपर त्यांनी डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, मग माझ्याकडं दिला.

"वाच," ते म्हणाले.

मी वाचून दाखवलं. आईचं नाव मी सावकाश वाचलं. मग त्यांनी विचारलं, "अन् माहं?"

"तुमी सोंगात होते, बाबा," मी म्हटलं. "सोंगातल्या मानसाचं नाव घेत नाहीत."

पेपर त्यांच्या मांडीवर ठेवून मी खिडकी उघडली आणि स्वयंपाकाला लागले.